प्रकल्प नोंदी : निष्पत्तीनिहाय प्रगतिपत्रक, कोल्हापूर शहर व करवीर तालुका, २०२४-२५

काम : प्रत्येक विषयात मुलाला कुठली निष्पत्ती (त्या इयत्तेत मुलाला काय करता यायला हवं ते) कितपत जमते, हे नुसत्या श्रेणीसोबत पत्रकावर दाखवायचं.

व्याप्ती : इयत्ता चौथी, सहावी, सातवी. विषय मराठी, गणित आणि विज्ञान (चौथीला परिसर अभ्यास). पाचवी आणि आठवी मुद्दाम बाहेर ठेवल्या. त्या दोन इयत्तांना २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा लागू आहे. तिथे नवा प्रयोग घुसवला तर पालकांच्या मनात उत्तीर्ण-अनुत्तीर्णचा गोंधळ व्हायचा.

१८ जून २०२४

सुरुवात जुन्या प्रगतिपत्रकांपासून. सहावीची मागच्या वर्षीची पत्रकं आणि त्याच मुलांच्या उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. एका जोडीत दोघांनाही गणितात ६४, म्हणजे दोघांनाही ब-२ (६१-७० ची श्रेणी). पहिल्याला भूमितीच्या रचना चोख येतात, अपूर्णांक आला की तो प्रश्नच सोडून देतो. दुसऱ्याचं सगळं थोडं थोडं कच्चं आहे. सातवीच्या शिक्षकाच्या हाती दोघांचं एकच अक्षर पडलं. त्यावरून कुणाला काय शिकवायचं, हे कळायला मार्ग नाही.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून वर्णनात्मक नोंदीची जागा आहेच. ती भरली कशी जाते हा खरा प्रश्न. 'अभ्यासात प्रगती समाधानकारक', 'गणिती क्रियांची आवड आहे', 'वाचनाकडे लक्ष द्यावे'. नोंदींची तयार यादी बाजारात मिळते आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना त्याच चार ओळी आलटून पालटून जातात. त्यामुळे नवा फॉर्म काढण्याआधी जुन्या रकान्यात लिहायला खरा मजकूर कुठून आणायचा, हे काम पहिलं.

२६ जून

निष्पत्तींची निवड. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच अध्ययन निष्पत्ती संकेतांकासह छापलेल्या असतात : आधी इयत्ता, मग विषय, मग क्रमांक. सहावी गणित म्हणजे ०६.७१ पासून पुढे. सगळ्या घ्यायच्या म्हटल्या तर नोंदवही कुणी उघडणार नाही. ठरलं असं, की एका विषयाला एका सत्रात जास्तीत जास्त सहा.

निवडताना लावलेली चाळणी : पुढच्या इयत्तेला जिच्यावाचून अडतं ती आधी. वर्गात किमान तीनदा तपासता येईल तीच घ्यायची. आणि एका निष्पत्तीत दोन क्रिया असतील तर तोडायची. 'अपूर्णांकांवरील चार क्रिया करतो' हे एका ओळीत ठेवलं, तर बेरीज येणारा आणि भागाकार अडणारा मुलगा कुठल्याच पातळीत बसत नाही.

'समजतो', 'जाणतो', 'आवड दाखवतो' ही क्रियापदं यादीतून काढली. डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल तेवढंच ठेवलं : वाचतो, मांडतो, कारण सांगतो, मोजतो, आकृती काढतो.

कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांना या वर्षी हात लावायचा नाही. आहे तसं चालू द्यायचं.

५ जुलै

चार पातळ्या ठरल्या : सुरुवात आहे, मदतीने जमतं, स्वतः जमतं, नव्या ठिकाणी वापरतो. इयत्तेची अपेक्षा तिसऱ्या पातळीवर पूर्ण होते. चौथी पातळी म्हणजे पुढच्या इयत्तेचा धडा नव्हे, हे पहिल्याच बैठकीत दोनदा सांगावं लागलं.

नमुना म्हणून एक निष्पत्ती पूर्ण लिहिली. सहावी गणित, भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी :

१. छेद समान असेल तर जमतं. भिन्न छेदात अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो : २/३ + १/४ = ३/७.
२. समान छेद कसा करायचा ही पहिली पायरी दाखवली की पुढचं करतो.
३. स्वतः ११/१२ पर्यंत पोचतो. पूर्णांकयुक्त अपूर्णांकही सोडवतो.
४. शाब्दिक उदाहरणात कुठली क्रिया करायची ते स्वतः ओळखतो आणि उत्तर पटण्यासारखं आहे का ते सांगतो. म्हणजे ३/७ पाहून 'हे अर्ध्यापेक्षा कमी आहे, आणि आपण सुरुवातच अर्ध्यापेक्षा जास्तीपासून केली होती' असं म्हणू शकतो.

पहिल्या पातळीत मुलाची नेमकी चूक लिहिलेली आहे, हे महत्त्वाचं. 'येत नाही' असं लिहिलं की शिक्षकाला पुढे काय करायचं ते कळत नाही. ३/७ लिहिलेलं पाहिलं की कळतं : याला छेद म्हणजे काय तेच उमगलेलं नाही. कागदाच्या पट्ट्या घेऊन बसायचं, लसावि नंतर.

२७ जुलै

पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांच्या धोका पातळीच्या वर. शाळांना सुट्टी, नदीकाठच्या गावांतल्या काही शाळांत स्थलांतरित कुटुंबं. जुलैअखेर-ऑगस्टचे हे दिवस कोल्हापुरात दर वर्षी धरूनच चालायला हवेत. पहिल्या सत्राच्या सहा निष्पत्तींपैकी दोन अशा ठेवल्या, की वेळ गेला तर त्या सरळ दुसऱ्या सत्रात ढकलता येतील. पत्रकावर त्यांच्यापुढे 'या सत्रात तपासली नाही' असं छापायचं. रिकामा रकाना सोडला तर पालक 'पोराला आलं नाही' असाच अर्थ घेतात.

वह्या भिजल्या तर पातळीचा पुरावा गेला. म्हणून चाचणीच्या कागदाचा फोटो त्याच दिवशी काढायचा. सगळ्या मुलांचा नको, फक्त पातळी बदलली त्यांचा.

१४ ऑगस्ट

एकवाक्यतेची बैठक. सहा मुलांचे कागद, नावं चिकटपट्टीने झाकलेली. प्रत्येक शिक्षकाने बाजूला बसून पातळी लिहायची, मग एकदम उघडायचं. नियम : सहापैकी किमान चार कागदांवर सगळ्यांचं जुळलं नाही तर शिक्षकाला दोष द्यायचा नाही, वर्णनाची भाषा बदलायची.

पहिल्या फेरीत जुळलं नाहीच. वाद दोन ठिकाणी अडकला.

एक, 'मदत' कशाला म्हणायचं. ठरवून लिहून ठेवलं : प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणं, अवघड शब्दाचा अर्थ सांगणं, 'घाई करू नको' म्हणणं ही मदत नव्हे. पहिली पायरी करून देणं, 'इथे लसावि काढ' म्हणणं, चुकीच्या ओळीवर बोट ठेवणं ही मदत. बोट ठेवण्यावरून बरीच चर्चा झाली. अखेर मदतच धरली, कारण परीक्षेत बोट ठेवायला कुणी नसतं.

दोन, गुळाचं उदाहरण. 'व्यापाऱ्याने १० किलोच्या गुळाच्या रव्यातला (ढेपेतला) २/५ भाग सकाळी आणि १/४ भाग संध्याकाळी विकला. किती किलो गूळ उरला?' एका मुलीने ७/२० काढून त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि थांबली. निम्मे शिक्षक म्हणाले चौथी पातळी, बेरीज आणि वजाबाकी तिने स्वतःच ओळखली. निम्मे म्हणाले तिसरी, साडेतीन किलो कुठे लिहिलंय? दोष उदाहरणाचा होता. शेवटची पायरी अपूर्णांकाने गुणायची, म्हणजे दुसरीच निष्पत्ती. एका उदाहरणात दोन निष्पत्ती गुंतल्या की पातळी ठरत नाही. उदाहरण 'रव्याचा किती भाग उरला?' असं बदललं. किलोचा प्रश्न गुणाकाराच्या कागदावर गेला.

३ सप्टेंबर

नोंदीचं शीट. प्रत्येक निष्पत्तीला तीनच चालू रकाने. नवा पुरावा आला की सर्वांत जुना शेजारच्या 'मागील' रकान्यात जातो. 'शेवटच्या तीन भरलेल्या नोंदी आपोआप शोध' असं लांबलचक सूत्र आधी लावलं होतं. कुणीतरी मध्ये एक रकाना घातला आणि सगळी ओळ बिघडली, म्हणून काढून टाकलं.

पातळी = शेवटच्या तीन पुराव्यांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला येतो तो. सरासरी का नको? एका मुलाच्या नोंदी १, २, २, ३, ३ अशा आल्या. सरासरी २.२, म्हणजे 'मदतीने जमतं'. पण त्याला आज स्वतः जमतंय. जूनमध्ये येत नव्हतं याची शिक्षा त्याने ऑक्टोबरात का भोगायची? शेवटच्या तिनांचा मध्यक ३ येतो. उलट ३, ३ नंतर एकदा १ आला, मूल तापातून उठून आलं होतं, तरी मध्यक ३ राहतो. 'फक्त शेवटचा पुरावा धरा' हा नियम इथे फसला असता.

दोनच पुरावे असतील आणि मध्यक अडीच आला तर वर किंवा खाली ओढायचं नाही. तिसरा पुरावा घ्यायचा. तिन्ही पुरावे एकाच प्रकारचे नकोत : एक लेखी, एक तोंडी किंवा फळ्यावर, एक कृती किंवा गटातलं.

शीटमध्ये निघालेल्या अडचणी :

गैरहजर मुलापुढे ० टाकलं गेलं. सरासरी आणि मध्यकाची सूत्रं रिकामा रकाना सोडून देतात, शून्य मात्र मोजतात. दोनदा गैरहजर राहून एकदा ३ मिळवलेल्या मुलाचा मध्यक ० झाला. पातळीत शून्य हा आकडाच नाही, म्हणून आता यादीतून फक्त १ ते ४ निवडता येतं.

मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून टाकलेला ३ शीटने आकडा न धरता मजकूर धरला. दिसायला सगळं ठीक, सूत्र मात्र गप्प. निवडीच्या यादीमुळे हेही मिटलं.

वागणुकीचे रकाने वेगळ्या पानावर : गृहपाठ वेळेवर, गटात काम, वर्गात प्रश्न विचारणं. तिथे 'नेहमी / बहुतेक वेळा / कधी कधी' एवढंच. जुन्या आकारिकमध्ये (सत्रभर वर्गात चालणारं मूल्यमापन) 'वही पूर्ण' आणि 'नीटनेटकेपणा' यांचे गुण गणितात मिसळायचे. त्यामुळे सुवाच्य अक्षराच्या मुलाचा अपूर्णांक चांगला दिसायचा.

२४ सप्टेंबर

सगळ्यांत किचकट काम. शासनाच्या नोंदवहीला गुण लागतात, श्रेणी लागते. पातळीवरून गुण कसे काढायचे?

सरळ समान अंतराचा हिशेब करून पाहिला : पातळी १ म्हणजे २५ टक्के, २ म्हणजे ५०, ३ म्हणजे ७५, ४ म्हणजे १००. मग श्रेणी येतात इ-१, क-२, ब-१, अ-१. म्हणजे इयत्तेची अपेक्षा पूर्ण केलेलं मूल ब-१ वर अडकतं आणि सुरुवात केलेलं मूल थेट इ-१ मध्ये पडतं. हे वर्णनाशी जुळत नाही. पातळ्यांमधलं अंतर समान आहे असं कुणी ठरवलेलं नाही, मग गुणांत ते समान का असावं?

उलट्या बाजूने निघालो. प्रत्येक पातळीचं वर्णन श्रेणीच्या कुठल्या पट्ट्यात शोभतं ते आधी ठरवलं : १ → ड (३३-४०), २ → क-१ (५१-६०), ३ → अ-२ (८१-९०), ४ → अ-१ (९१-१००). मग त्या पट्ट्यातला असा टक्का घेतला की सहावीच्या आकारिकच्या ५० गुणांत पूर्णांक यावा : ३६, ५६, ८६, ९६ टक्के, म्हणजे १८, २८, ४३, ४८ गुण. चौथीला आकारिक ६० आणि सातवीला ४०. तिथे तेच टक्के घेऊन जवळचा पूर्णांक : चौथीला २२, ३४, ५२, ५८, सातवीला १४, २२, ३४, ३८.

उदाहरण, सहावी गणित : सहा निष्पत्तींच्या पातळ्या ३, ३, २, ४, ३, १. गुण ४३ + ४३ + २८ + ४८ + ४३ + १८ = २२३, भागिले ६ = ३७.१७, म्हणून आकारिक ३७. संकलितमध्ये (सत्राअखेरची परीक्षा : तोंडी-प्रात्यक्षिक १०, लेखी ४०) ३१ मिळाले. एकूण ६८, श्रेणी ब-२.

इथे सरासरी चालते कशी, असा प्रश्न आलाच. वेगवेगळ्या निष्पत्तींचं एकत्रीकरण नोंदवहीला हवंच आहे, ते टळत नाही. एकाच निष्पत्तीच्या जुन्या आणि नव्या नोंदींची सरासरी मात्र करायची नाही. बाकी, हा तक्ता म्हणजे आपसात ठरवलेली सोय आहे. सगळ्या शाळांनी एकच वापरला तरच तिला अर्थ.

दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, चाचणी, स्वाध्याय या साधनांचे रकाने नोंदवहीत वेगळे भरावे लागतात. म्हणून प्रत्येक पुराव्याच्या कागदावर कोपऱ्यात दोन खुणा : निष्पत्तीचा क्रमांक आणि साधनाचं अक्षर. एकच कागद दोन्हीकडे लागतो. हे केलं नाही तर शिक्षक दोन नोंदवह्या भरत बसतो आणि डिसेंबरपर्यंत एक बंद पडते. कुठली, ते सांगायला नको.

१६ ऑक्टोबर

पत्रकाची छपाई. ए-३ कागद मधून घडी घालून ए-४ ची चार पानं. पहिल्या पानावर माहिती, उपस्थिती आणि श्रेणींचा शासकीय तक्ता. आतली दोन पानं निष्पत्तींची. शेवटच्या पानावर वागणूक, 'घरी काय करता येईल' याच्या दोन ओळी आणि सह्या.

पातळीला रंग दिले होते. शाळेत झेरॉक्स काळीपांढरी, त्यात पिवळा आणि हिरवा सारखेच दिसले. मग चार चौकटी आणि त्यात भरीव ठिपका. आकडा कुठेही नाही, पातळीचे शब्दच. '३' छापला की त्याचे ७५ टक्के करायला वेळ लागत नाही.

प्रेसमध्ये युनिकोड मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये घेताना रफार आणि जोडाक्षरं तुटली. 'अपूर्णांक' वाचता येईना. उपाय : मजकूर न देता फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्यायची, आणि एक प्रत छापून घेऊन प्रत्येक ओळ वाचून मगच बाकीच्या सोडायच्या.

निष्पत्तीची भाषा पालकांसाठी पुन्हा लिहिली. 'सममूल्य अपूर्णांकांचा उपयोग करून भिन्नछेद अपूर्णांकांवर क्रिया करतो' याऐवजी 'वेगवेगळ्या छेदांचे अपूर्णांक मिळवतो आणि वजा करतो', खाली बारीक अक्षरात '२/३ + १/४'. उदाहरण दिलं की निम्मं स्पष्टीकरण वाचतं. एका ओळीत बारा शब्दांवर जायचं नाही.

१६ नोव्हेंबर

पहिल्या सत्राच्या पालक सभा. सभेत तक्ता समजावून सांगण्याचा उपयोग फारसा झाला नाही. उपयोग झाला तो मुलाचे दोन कागद, ऑगस्टचा आणि ऑक्टोबरचा, शेजारी ठेवून दाखवल्याचा. तरीही ठरलेला प्रश्न प्रत्येक ठिकाणी आला : "मास्तर, ते सगळं बरं हाय, पण टक्के किती पडले? नंबर कितवा?"

त्याला टाळाटाळ करू नये. टक्के आणि श्रेणी पहिल्या पानावर आहेतच, तिथे बोट ठेवायचं आणि मग आतलं पान उघडायचं. नंबर दिला जात नाही, एवढंच सांगायचं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीवर शाळा जोखायची इकडची सवय जुनी आहे. त्या पालकांना आतल्या पानाचा उपयोग त्याच भाषेत सांगावा : पहिल्या पेपरात गणित आहे, आणि पोराचे प्रश्न नेमके कुठे जाणार ते या पानावर आत्ताच दिसतंय.

विधानसभेच्या मतदानाचं काम २० तारखेला. तोवर नवे पुरावे घेण्याचा आग्रह धरू नये.

४ डिसेंबर

कारखान्यांचा हंगाम सुरू, ऊसतोड कुटुंबांची मुलं दाखल होताहेत. काहींजवळ शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत दाखल होता यावं म्हणून आधीची शाळा देते ते) आहे, काहींजवळ नाही. आलेल्या मुलाला जुनी सहा महिन्यांची शून्यं लावायची नाहीत. पहिल्या आठवड्यात वाचन आणि संख्याज्ञान तोंडी पाहून सुरुवातीची पातळी लिहायची, पुढचं नेहमीप्रमाणे. मार्चमध्ये फड उलगला (ऊसतोड संपली) की मुलं परत जाणार. तेव्हा आतल्या दोन पानांची झेरॉक्स हमी पत्रकाला जोडून द्यायची. पलीकडच्या शिक्षकाला आपल्या पातळ्या ठाऊक नसतात, म्हणून चार पातळ्यांची वर्णनं मागच्या बाजूला छापलेली हवीत.

२१ जानेवारी २०२५

पातळी वाढवू पाहणाऱ्या मुलांच्या पुन्हा तपासणीची घडी बसली. आधी 'कुणीही, केव्हाही' असं खुलं ठेवलं होतं. सराव न करताच तोच कागद पुन्हा मागणारी मुलं वाढली आणि शिक्षकांची मधली सुट्टी गेली. आता : आठवड्यातला एक ठरलेला शेवटचा तास. त्या निष्पत्तीचं सरावपत्रक पूर्ण करून आणलं तरच. पाच नवी उदाहरणं, दहा मिनिटं. एका तासाला एका मुलाची एकच निष्पत्ती. प्रत्येक निष्पत्तीला उदाहरणांचे तीन संच आधी करून ठेवले नाहीत तर ही व्यवस्था दुसऱ्या आठवड्यात कोसळते.

११ मार्च

पातळी आणि संकलितच्या लेखी गुणांची पडताळणी. प्रश्नपत्रिकेतल्या प्रत्येक प्रश्नापुढे निष्पत्ती क्रमांक लिहून मांडलं. पातळी ३ आणि लेखीत त्याच निष्पत्तीचे प्रश्न साफ चुकलेले, अशी मुलं वेगळी काढली. कारणं मुख्यतः दोन. एक, शाब्दिक उदाहरणात मराठी वाचनच अडतं, गणित नाही. त्यांना तेच उदाहरण वाचून दाखवलं की सुटतं. दोन, वर्गातले तिन्ही पुरावे धडा चालू असतानाच घेतलेले, पुन्हा कधी पाहिलंच नाही. म्हणून नवा नियम : तिन्हींपैकी एक पुरावा धडा संपल्यावर किमान तीन आठवड्यांनी.

२९ एप्रिल

१६ एप्रिलच्या शासन निर्णयानुसार राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२५-२६ ला पहिलीपासून लागू. त्यासोबत समग्र प्रगतीपत्रक येणार, त्यात मुलाचं स्वतःचं आणि सवंगड्यांचं मूल्यमापनही आहे, पातळ्या तीन. आपल्या चार. चौथीच्या शाळांनी विचारलं, आत्ताच तीन कराव्यात का? नको. शिकवताना १ आणि २ मधला फरकच कामाला येतो. ज्या दिवशी तीन भराव्या लागतील त्या दिवशी १ आणि २ एकत्र लिहिता येतील. तीनवरून चार मात्र करता येत नाहीत.

पुढच्या वर्षासाठी बदल : मराठीच्या सहा निष्पत्तींपैकी 'स्वतःच्या शब्दांत लेखन' याचं वर्णन अजून ढिसाळ आहे, एकवाक्यतेच्या बैठकीत तिथेच सगळ्यांत जास्त फाटाफूट होते. नमुना कागद पातळीवार चिकटवून त्याची फाईल करायची. विज्ञानात प्रयोगाची निष्पत्ती गटात तपासली तर पातळी गटाची लागते, मुलाची नाही. प्रयोगानंतर प्रत्येकाला एकच तोंडी प्रश्न, 'हे बदललं तर काय होईल?'.

चौथी संपवून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलांची आतली पानं दाखल्यासोबत पाठवायची आहेत. दाखले जूनमध्ये निघतात, तेव्हा वर्गशिक्षक बदललेला असू शकतो. म्हणून झेरॉक्स आत्ताच काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात, जनरल रजिस्टर क्रमांकाच्या क्रमाने.